प्रश्न तुमचे : मुलं देऊन वाढलेलं घराणं

गेल्या अंकात हिरोशिमाच्या किल्ल्याबद्दल लिहिताना मोरी घराण्यावर मी एक परिच्छेद खर्च केला होता. आकी प्रांतातल्या डोंगरखोऱ्यातलं लहानसं घराणं एका माणसाच्या हयातीत पश्चिम जपानचं धनी झालं, एवढंच त्यात होतं. त्या परिच्छेदावर इतकी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा घरी पाठवून दिला आणि वर चिठ्ठी लावली, "आता तुम्हीच निस्तरा."

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. १९९७ साली कंपनीनं अकरा महिने हिरोशिमाला शिकायला पाठवलं. ते नेमकं त्याच माणसाच्या, म्हणजे मोतोनारी मोरीच्या, जन्माचं पाचशेवं वर्ष होतं आणि जपानी टीव्हीवर दर रविवारी रात्री आठ वाजता त्याच्यावरची मालिका चालू होती. आमची घरमालकीण आजी त्याच भागातली, योशिदा गावची. रविवारी आठ वाजले की ती मला खाली बोलवायची, पुढ्यात चहा ठेवायची आणि पडद्यावर कोण कुणाचा काका ते बोटं मोडत समजवायची. मला जपानी येत होतं ते डाय आणि पंचापुरतं. तरी भाऊबंदकी कळायला भाषा लागत नाही.

प्रश्न : काका, मोरी म्हणजे आपल्या न्हाणीघरातली का? आणि जावळीच्या मोऱ्यांशी यांचं काही नातं? (पंचवटी)

पत्र शेजारच्या वाड्यातून आलंय आणि अक्षर मी ओळखलंय. नातं नाही. जपानीत 'मो' लांबवतात, मोओरी असा उच्चार होतो. पहिल्याच आठवड्यात मी तो आखूड केला, तर समोरच्याला वाटलं मी जंगलाची चौकशी करतोय. आखूड 'मोरी' म्हणजे वनराई. आडनाव आलं ते सागामी प्रांतातल्या मोरी नावाच्या वतनावरून. यांचा मूळ पुरुष ओए नो हिरोमोतो. कामाकुराच्या पहिल्या शोगुनाचा, म्हणजे लष्करी सत्ताधीशाचा, तो कारभारी होता, दप्तर सांभाळणारा. म्हणजे घराण्याची मुळं तलवारीपेक्षा लेखणीत जास्त. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रश्न : मरणशय्येवर मोतोनारीनं तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला, मग तीन एकत्र दिले, ते मोडले नाहीत. ही गोष्ट मोबाईलवर फिरतेय. खरी आहे का? (सिन्नर, कॉलेजची विद्यार्थिनी)

नाही. ती आपल्या शाळेच्या पुस्तकातली म्हाताऱ्याची आणि मोळीची गोष्ट आहे. मोळी जगभर फिरते, तशी जपानातही गेली. तू स्वतः तपासू शकतेस. मोतोनारी वारला १५७१ साली. थोरला मुलगा ताकामोतो त्याच्या आठ वर्षं आधी, १५६३ मध्ये, एका मेजवानीनंतर अचानक गेला. मग बापाच्या उशाशी तिसरा बाण मोडायला कोण बसलं होतं? तरी हिरोशिमात ही गोष्ट कुणी खोटी म्हणू देत नाही. तिथल्या फुटबॉल संघाचं नाव सानफ्रेच्चे. त्यातलं 'सान' म्हणजे जपानीत तीन आणि 'फ्रेच्चे' म्हणजे इटालियनमध्ये बाण.

पण गोष्टीमागे जे खरं आहे ते गोष्टीपेक्षा चांगलं आहे. १५५७ च्या अकराव्या महिन्यात मोतोनारीनं तीन मुलांना एक पत्र लिहिलं. कलमं चौदा. आज ते होफू गावच्या मोरी संग्रहालयात आहे. म्हातारा पाल्हाळिक होता, एकच गोष्ट तीनदा सांगतो. मोरी हे नाव टिकलं पाहिजे. तुम्ही दोघं दुसऱ्या घरात दत्तक गेलात तरी ते तात्पुरतं समजा, मोरी ही दोन अक्षरं विसरलात तर गाठ माझ्याशी आहे. तिघांत केसाएवढं अंतर पडलं की तिघंही बुडालात म्हणून समजा. आणि मग एक वाक्य येतं, जे ऐकून मी आजीला पुन्हा विचारलं होतं की हा खरंच असं म्हणतो का. म्हणतो की, मोरींचं बरं व्हावं असं वाटणारा माणूस परक्या प्रांतांत तर नाहीच, या आपल्या प्रांतातही एक नाही.

हे पत्र लिहिण्याची वेळ का आली? थोरल्याची तक्रार होती म्हणून. धाकटे दोघं घरी आले तरी परत जायची घाई करतात, आपसांत बोलत बसतात, मला बाजूला टाकतात, अशी ताकामोतोची कुरकुर कागदावर शिल्लक आहे. पश्चिम जपान जिंकत निघालेला चौतिशीचा माणूस, आणि दुखणं हे! दिवाळीला भाऊ येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी धरतात, तेव्हा घरात राहिलेल्याच्या पोटात तुटतं, तेच.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित बारा एकर द्राक्षबाग तीन भावांत गेली. आता माझ्या दोन मुलांत पुन्हा खातेफोड करायची वेळ आलीय. तुम्ही लिहिता, लहान घराणं एका माणसाच्या काळात दहा प्रांतांचं झालं. आमच्याकडे उलटंच होतं. त्यांनी नेमकं केलं काय? (निफाड)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्यासारखा त्रास जपानी सरदारांनाही झाला होता. कामाकुराच्या काळात तिथेही वतन मुलांत, मुलींतसुद्धा, वाटलं जायचं. तीन-चार पिढ्यांत तुकडे इतके बारीक झाले की एकेकाला घोडा पोसणं जड जाऊ लागलं. चौदाव्या शतकापर्यंत बहुतेकांनी वाटणी बंद केली आणि सगळं एका वारसाकडे ठेवायला सुरुवात केली. घर वाचलं, पण मग धाकट्यांचं काय, हा काटा उरला. मोतोनारी स्वतः धाकटा होता.

जन्म १४९७. पाचव्या वर्षी आई गेली, दहाव्या वर्षी बाप. बापाला दारूनं नेलं. थोरला भाऊ ओकिमोतो गादीवर बसला आणि तोही तरुणपणी दारूनंच गेला, १५१६ साली. मोतोनारीच्या वाट्याला आलेला छोटा किल्ला आणि जमीन इनोउए नावाच्या कारभाऱ्यानं गिळली. पोराला लोक 'भिकारी धाकटे धनी' म्हणत. भावाचा लहानगा मुलगा गादीवर होता, तोही १५२३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना गेला. तेव्हा मोतोनारीकडे घर आलं. सावत्र भाऊ उठला, कारण त्याच्या मागे शेजारच्या बड्या आमागो घराण्याची फूस होती. मोतोनारीनं त्याला मारलं. सुरुवातच अशी.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आकी प्रांत म्हणजे आजच्या हिरोशिमा जिल्ह्याचा पश्चिम भाग. उत्तरेला इझुमोत आमागो, पश्चिमेला यामागुचीत ओउची. दोन्ही मातब्बर. मध्ये आकीत तीसेक लहान घराणी, प्रत्येकाचं एक खोरं, एक टेकडी. इकडे आड, तिकडे विहीर. आपल्याकडे निजामशाही आणि आदिलशाहीच्या मध्ये देशमुख-देशपांड्यांची जी तारांबळ व्हायची, तीच. मोतोनारी आधी आमागोंकडे होता, १५२५ च्या सुमाराला ओउचींकडे गेला आणि पुढे थोरल्या मुलाला ओलीस म्हणून यामागुचीला पाठवलं.

१५४० मध्ये आमागो शिक्षा करायला आले. बखरी म्हणतात तीस हजार माणूस. कोरियामा नावाच्या टेकडीवर मोतोनारीचा किल्ला. त्यानं खोऱ्यातले शेतकरी, बायापोरं सगळी वर घेतली. एकूण आठ हजार माणसं, त्यांत लढणारी तिसरा हिस्सासुद्धा नसतील. चार महिने तग धरला. ओउचींची कुमक डिसेंबरात आली आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला आमागो बर्फातून मागे फिरले. मी ती टेकडी चढलोय. रामशेज चढलेल्या माणसाला ती काहीच नाही, पण रामशेजसारखीच फसवी आहे. खालून भातखाचरांमागची साधी टेकडी दिसते, वर गेल्यावर प्रत्येक सोंडेवर सपाट केलेला तळ, एकाआड एक, दोनशेहून जास्त. आपल्या रामशेजनं औरंगजेबाच्या सरदारांना पाच-साडेपाच वर्षं खेळवलं, तेव्हा चार महिन्यांचं अप्रूप मी आजीसमोर दाखवलं नाही. शिष्टाचार म्हणून.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या टेकडीवर नाही. ते पुढच्या दहा वर्षांत आहे.

आपल्याकडे दत्तक कोण घेतं? ज्याला मूल नाही तो. वंश बुडू नये म्हणून. मोतोनारीनं दत्तक घेतले नाहीत, दिले. दक्षिणेला समुद्रकाठी कोबायाकावा घराणं होतं, जहाजं बाळगून असलेलं. त्याच्या ताकेहारा शाखेचा धनी निपुत्रिक वारला. त्याची बायको मोतोनारीची पुतणी. १५४४ साली तिसरा मुलगा ताकाकागे, वय बारा, तिथे दत्तक गेला. थोरल्या शाखेचा धनी दृष्टी गेलेला तरुण होता. सहा वर्षांत त्याला भिक्षू व्हायला लावलं, त्याच्या बहिणीचं लग्न ताकाकागेशी लावलं आणि दोन्ही शाखा एका मुलाच्या नावावर. उत्तरेला डोंगरात किक्कावा, मोतोनारीच्या बायकोचं माहेर. तिथे धन्याचं आणि त्याच्या माणसांचं पटत नव्हतं. १५४७ मध्ये दुसरा मुलगा मोतोहारु त्या घरात दत्तक गेला. जुन्या धन्याला आधी गादीवरून उतरवलं आणि १५५० मध्ये मुलासकट संपवलं.

म्हणजे बघा, सातबारा फोडला नाही. थोरल्याला घर सगळं. दुसऱ्याला उत्तरेची डोंगरी फौज, तिसऱ्याला दक्षिणेचं आरमार, आणि ही दोन्ही दुसऱ्यांची. जपानीत 'कावा' म्हणजे नदी. किक्कावा आणि कोबायाकावा, दोन्हींत ती आहे, म्हणून या व्यवस्थेचं नाव 'मोरींच्या दोन नद्या'. मला आपल्या अरुणा-वरुणा आठवल्या. रामकुंडापाशी गोदावरीला मिळतात म्हणायच्या, पण घाटावर उभं राहून शोधाल तर दिसत नाहीत. पाणी मात्र गोदावरीच्या नावावर जमा.

त्याच वर्षी, १५५० ला, लहानपणी जमीन गिळणाऱ्या इनोउए घराण्याचा हिशेबही चुकता झाला. धनी आणि तीसहून जास्त भाऊबंद मारले गेले. लगोलग २३८ जणांनी मोरींच्या आज्ञेत राहण्याच्या शपथपत्रावर सह्या केल्या. आणि तरीही, गंमत अशी की, १५५७ चा एक करारनामा आहे, त्यात मोतोनारी आणि आणखी अकरा सरदारांच्या सह्या छत्रीच्या काड्यांसारख्या गोलात आहेत. वर कोण, खाली कोण, कळू नये म्हणून. निम्मा पश्चिम जपान खिशात घालूनही आकीच्या शेजाऱ्यांमध्ये तो बारातला एक म्हणून बसतो. पंगतीत यजमानानं शेवटच्या पाटावर बसावं तसं.

तुमच्या मुलांना दुसऱ्यांच्या बागेत दत्तक द्या असं मी म्हणत नाही. त्या व्यवहारात दुसऱ्या घरचा कुणीतरी विहिरीत ढकलला जातो, ते वर दिसलंच. पण तुमचे धाकटे चिरंजीव निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये काम करतात असं तुम्हीच लिहिलंय. बांध घालण्याआधी त्याच्याशी एकदा बसून बोला, इतकंच.

प्रश्न : काका, सामुराई आणि निन्जा यांच्यात भारी कोण? (इयत्ता आठवी, म्हसरूळ)

पत्र लिहिणारा. मोतोनारीनं शत्रूच्या कारभाऱ्याबद्दल नुसती अफवा सोडली आणि शत्रूनं आपल्याच हातानं त्याला मारलं. त्या कारभाऱ्याचं नाव एरा फुसाहिदे. अभ्यास कर.

प्रश्न : तुमच्या लेखांत बायका चहा करताना दिसतात, बाकी कुठे नाहीत. या घराण्यात बायका नव्हत्या का? (इंदिरानगर)

टोला बसला. होत्या, आणि त्या नसत्या तर घर केव्हाच संपलं असतं.

पोरका मोतोनारी वाढला तो सावत्र आईच्या हातात. जपानी तिला सुगी नो ओकाता म्हणतात. तरुण विधवा होती, माहेरी जाऊन दुसरं लग्न करणं सहज शक्य होतं. बाप गेलेला, भाऊ क्योतोच्या मोहिमेवर, घरात एक अकरा वर्षांचं पोर. मोतोनारी साठीला आल्यावर मुलाला लिहितो की, ती माझ्याकडे बघून थांबली, तिनं सगळं तारुण्य माझ्यापायी घालवलं. तिच्याबरोबर त्यानं एका भिक्षूकडून उगवत्या सूर्याला हात जोडून नाम घ्यायला शिकलं आणि ते मरेपर्यंत सोडलं नाही. चौदा कलमांत हेही कलम आहे.

बायको म्योक्यू. तीच ती किक्कावांच्या घरची, तिन्ही मुलांची आई. १५४५ मध्ये गेली. त्या माणसानं ढिगानं लोक मारले, पण थोरल्याला लिहिलेल्या पत्रांत म्हणतो, अलीकडे सारखी म्योक्यूची आठवण येते, ती असती तर घरातलं तिनं बघितलं असतं, मला बाहेरचं बघता आलं असतं. लेकीबद्दलही कलम आहे. ती शिशिदो घराण्यात दिलेली. तिला तिघांसारखीच वागवा, नाहीतर मी राग धरीन. आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही पुन्हा पत्र पाठवाल. म्योक्यूच्या पश्चात दुसऱ्या बायकांपासून झालेल्या लहान मुलांना त्याच पत्रात तो किड्यामुंग्या म्हणतो. त्यातलं कुणी माणसांत जमा होण्यासारखं निघालं तर लांबची एखादी जमीन द्या, नाहीतर तुमची मर्जी.

आणि नातवाची आई. तिला त्यानं दारूबद्दल लिहिलं. पोरगा तेरुमोतो पिऊ लागला होता. आजा स्वतः पीत नसे. बाप आणि भाऊ दारूनं गेलेले त्यानं पाहिले होते. वाटीभर, फार तर दोन वाट्या, त्यापुढे जाऊ देऊ नको, असा त्या पत्राचा आशय. त्याच्याकडे कुणी भेटायला आलं की तो आधी विचारायचा, पितोस का? पितो म्हणाला तर घोटभर देऊन थंडीत बरी असते म्हणायचा, नाही म्हणाला तर तांदळाचा मोची पुढे करायचा आणि दारूसारखं वाईट काही नाही म्हणायचा. अशी आख्यायिका आहे. मला ती खरी वाटते, कारण असं वागणारे दोन फोरमन मी पाहिलेत.

प्रश्न : मियाजिमाची लढाई अभ्यासात वाचल्याचं आठवतं. तपशील द्यावा. तोफा-बंदुका होत्या का? (देवळाली कॅम्प, निवृत्त सुभेदार, तोफखाना)

साहेब, तुमच्यासमोर लढाई सांगायची म्हणजे आचाऱ्याला मिसळ शिकवणं. तरी सांगतो.

१५५१ मध्ये ओउचींचा सेनापती सुए यानं धन्यावरच बंड केलं, धन्यानं पोट फाडून घेतलं. त्या काळात हे इतकं चालायचं की जपानीत त्याला शब्दच आहे, गेकोकुजो, म्हणजे खालच्यानं वरच्याला उलथवणं. मोतोनारी तीन वर्षं सुएशी गोड राहिला, मग फिरला. मोकळ्या मैदानात सुएचं वीस हजार आणि याचं चार हजारांच्या आसपास. आकडे बखरींचे आहेत, म्हणजे हात सैल सोडून लिहिलेले. पण प्रमाण तसंच काहीसं. तेव्हा मैदान अरुंद पाहिजे.

मियाजिमा बेट, जिथे पाण्यात उभं लाल तोरण आहे ते. इत्सुकुशिमाचं देऊळ तिथलंच. मोतोनारीनं बेटावर मियाओ नावाचा लहान किल्ला बांधला आणि स्वतःच बोंब उठवली की बांधून चूक केली, हा पडला तर मी संपलो. वर आपल्या एका जुन्या सरदाराकडून सुएला पत्र पाठवलं की तुम्ही बेटावर या, मी इकडून फितूर होतो. सुए आला. बेटावर वीस हजार माणूस देवळाभोवतीच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर दाटला.

१५५५, नववा महिना, शेवटची रात्र. वादळ, पाऊस. मोतोनारी आणि थोरले दोघं मुलगे अंधारात बेटाच्या मागच्या बाजूला उतरले, होड्या परत पाठवल्या आणि बाकुचिओ नावाची धार चढून देवळाच्या मागे आले. बाकुचि म्हणजे जुगार. नाव ऐकून म्हातारा खूश झाला म्हणतात. ताकाकागे जहाजांतून समोरून. मुराकामी नावाचे समुद्री चाचे कुणाच्या बाजूचे हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं, ते मोरींकडे आले. पहाट होताच दोन्हीकडून. सुएला पळायला होडी मिळाली नाही, त्यानं पोट फाडलं. दोन वर्षांत ओउचींचा मूळ मुलूख मोरींचा झाला.

बंदुका. जपानात त्या आल्या १५४३ मध्ये, पोर्तुगिजांबरोबर तानेगाशिमा बेटावर. या लढाईचा निकाल त्यांनी लावला नाही, आणि तसल्या पावसात पलित्याची बंदूक काय करणार हे मी तुम्हाला सांगायला नको.

लढाईनंतरचं मला जास्त लक्षात राहिलं. त्या बेटावर जन्म आणि मरण दोन्ही निषिद्ध. गरोदर बायकांना पलीकडे नेत. आजही बेटावर स्मशान नाही. आणि या माणसानं तिथं हजारो मारले. मग त्यानं रक्त सांडलेली माती उकरून बेटाबाहेर नेली, देऊळ धुऊन काढलं आणि मरायच्या वर्षी, १५७१ ला, गाभारा नव्यानं बांधून दिला. आज दिसतो तो तोच. मियाजिमागुचीहून बोटीनं दहा मिनिटं लागतात. तिथल्या हरणांनी माझा परतीचा नकाशा खाल्ला.

प्रश्न : दत्तक गेलेला मुलगा कायद्यानं जन्मघराला परका होतो. मग या 'दोन नद्या' किती पिढ्या मोरींकडे वाहिल्या? (गंगापूर रोड, वकील)

दोन. आणि तुमच्या प्रश्नासाठीच मी हे पत्र शेवटी ठेवलं.

मोतोनारीच्या हयातीतच इवामीची चांदीची खाण हाती आली, १५६६ च्या अखेरीला आमागोंचा गास्सान-तोदा किल्लाही उपाशी मारून घेतला. त्याआधी १५६० मध्ये सम्राट ओगिमाचीच्या राज्यारोहणाचा रखडलेला खर्च मोरींनी उचलला. सम्राटाला तीन वर्षं सोहळा करायला पैसे नव्हते! नातू तेरुमोतो अकराव्या वर्षी गादीवर आला आणि दोन्ही काकांनी त्याला सांभाळलं. १५९१ मध्ये सगळा जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीनं मोरींचा मुलूख मान्य केला तो ११ लाख २० हजार कोकू. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ. हिरोशिमाचा किल्ला तेव्हाचाच.

तेरुमोतोला बराच काळ मूल नव्हतं. हिदेयोशीच्या बायकोचा भाचा हिदेआकी मोकळा होता, आणि वरून सूचना आली की हा मोरींनी दत्तक घ्यावा. ताकाकागे म्हातारा झाला होता. बारा वर्षांचा असताना स्वतः तो अशाच दत्तकपत्रावर दुसऱ्याचं घर घ्यायला गेला होता. त्याला डाव न कळून कसं चालेल? त्यानं धाव घेतली आणि म्हणाला, मोरींचं आमचं आम्ही बघतो, मी निपुत्रिक आहे, हा मुलगा मला द्या. १५९४ मध्ये हिदेआकी कोबायाकावा झाला. मुख्य घर वाचवायला ताकाकागेनं आपलं घर दिलं. तीन वर्षांनी तो गेला.

१६००, सेकिगाहारा. हिदेयोशीच्या पश्चात सत्तेसाठी पूर्वेची आणि पश्चिमेची फौज भिडली ती लढाई. तेरुमोतो पश्चिम फौजेचा नावाचा सरसेनापती, पण बसलाय ओसाकाच्या किल्ल्यात. रणात मोरींची पंधरा हजारांची फौज नांगू डोंगरावर, आणि तिच्या पुढे वाट अडवून किक्कावा हिरोइए, मोतोहारुचा मुलगा. त्यानं शत्रूशी, म्हणजे पूर्व फौजेच्या इएयासुशी, गुपचूप बोलणं केलं होतं की मोरी हलणार नाहीत, तुम्ही मुलूख राखा. मागचे शेजारी निरोप्या पाठवून विचारतात, चाल का करत नाही? मोरी फौजेच्या तरुण प्रमुखाला खरं सांगता येईना. तो म्हणाला, शिपाई जेवतायत. त्यावरून 'रिकामा डबा' असा शब्दप्रयोग जपानीत आहे. टूलरूममध्ये दुपारी डबा उघडताना मला तो एका सहकाऱ्यानं सांगितला, आणि मला वाटलं माझ्या शेपूच्या भाजीवर बोलतोय.

आणि दुसऱ्या डोंगरावर हिदेआकी. ऐन दुपारी तो आपल्याच बाजूवर उलटला आणि लढाई संपली. दोन्ही नद्या एकाच दिवशी उलट्या वाहिल्या. एक दगा देऊन, दुसरी वाचवायला गेली म्हणून.

इएयासुनं शब्द पाळला नाही. मोरींकडे सुओ आणि नागातो हे दोन प्रांत उरले, तेही हिरोइएनं आपल्याला देऊ केलेलं तेरुमोतोला द्या म्हणून हात जोडले तेव्हा. ११ लाखांचे पुढे मोजणीत ३ लाख ६९ हजार झाले. किल्ला हिरोशिमाहून हागीला, समुद्राच्या पार टोकाला गेला. हिरोइएला इवाकुनीची लहान जहागीर मिळाली आणि मोरींच्या घरात पिढ्यान्पिढ्या टोमणे.

कोबायाकावांचं काय, असं तुम्ही तळटीपेत विचारलंय. हिदेआकी लढाईनंतर दोन वर्षांनी, १६०२ मध्ये, जेमतेम विशीत वारला. निपुत्रिक. या खेपेला त्या घरात दत्तक द्यायला कुणी मुलगा पुढे केला नाही.